माळ्यावर हवाईयन गिटार सापडली तर: ती कुठली, कधीची आणि कितीची हे कसं ओळखायचं

इंदूरात रामबाग, नारायणबाग, जुनी इंदूर इकडचे जुने वाडे पाडून फ्लॅट होतायत आणि माळे रिकामे करताना पेटी-तबल्यासोबत कधीकधी मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार पण निघते. घरात कोणी वाजवणारं उरलेलं नसतं, कबाडीवाला दारात उभाच असतो, तो चार-पाचशे म्हणतो आणि ती जाते. प्लीज असं करू नका, दोन दिवस थांबा, ती लाख-दीड लाखाची असेल असं मी म्हणत नाही (बहुतेक वेळा नसतेच) पण कशी आहे ते तरी बघा.

सगळ्यात आधी काय करायचं नाही ते सांगतो. ब्रासोने घासू नका, सुताराकडून पॉलिश करून घेऊ नका, गंजके स्क्रू आणि तारा पिळायच्या चाव्या बदलू नका, गिटार ठेवायची पेटी (केस) फाटकी असली तरी फेकू नका, ओरिजनल केसचे वेगळे पैसे मिळतात. आणि सोबत जुना अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा डबा) निघाला तर तो प्लगमधे अजिबात घालू नका, अमेरिकन अ‍ॅम्प 110-117 व्होल्टचे असतात आणि आपल्याकडे 230 येतात, ट्रान्सफॉर्मर जळतो. उघडून पण बघू नका, वाल्वच्या अ‍ॅम्पमधले कपॅसिटर बंद असतानाही जीवघेणा झटका देऊ शकतात.

आता ओळख. खऱ्या लॅप स्टीलमधे (हे हवाईयन गिटारचंच दुसरं नाव) तारा इतक्या उंच असतात की बोटाने दाबून फ्रेटला (दांड्यावरच्या आडव्या पट्ट्यांना) लागतच नाहीत, वरून स्टीलचा बार सरकवायचा असतो, म्हणून बऱ्याच वेळा फ्रेट म्हणजे नुसत्या रंगवलेल्या रेघा असतात. मागून नेक (दांडा) चौकोनी असेल तर ती फॅक्टरीतूनच हवाईयन निघालीये. नेक गोल असेल आणि नटवर (दांड्याच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) धातूची टोपी बसवून तारा उचलल्या असतील तर ती साधी गिटार नंतर हवाईयन केलेली आहे, आपल्याकडे अशा भरपूर आहेत. कारण शौक मोठा होता हो! जोसेफ केकुकुने हवाईत ही पद्धत काढली, 1915 च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत तिची लाट आली, 1940 च्या दशकात हवाईचे टाऊ मो कलकत्त्यात राहून वाजवत होते, मग गिटारवादक व्हॅन शिप्लेंच्या फिल्मी धुनांच्या रेकॉर्डी घरोघरी वाजल्या आणि ब्रिजभूषण काबरांनी तर यावर राग वाजवून दाखवले.

हेडस्टॉकवरच्या (चाव्या असतात त्या वरच्या टोकावरच्या) नावावर लगेच भाळू नका. गिबटोन, हॉबनर ही नावं गिब्सन, होफनर या परदेशी कंपन्यांसारखी वाटतात पण या गिटारी आपल्याकडेच बनलेल्या. वाजवायला छान असू शकते, भाव मात्र हजारांत, आणि तोही बंगालकडचा गिऱ्हाईक मिळाला तर बरा येतो कारण तिकडे हवाईयन अजून शिकतात.

खरी गोष्ट पिकअप सांगतो, म्हणजे तारांचा आवाज विजेत बदलणारा चुंबक आणि कॉइलचा भाग. तारांवरून नालेसारखे दोन वाकवलेले लोहचुंबक गेलेले दिसले तर जरा श्वास रोखा, ती रिकनबॅकर कंपनीची असू शकते. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला आलेली त्यांची अ‍ॅल्युमिनियमची गोल, लांब दांड्याची गिटार, जिला फ्राइंग पॅन म्हणतात, ती इलेक्ट्रिक गिटारच्या इतिहासाची सुरुवातच आहे. नंतरची काळ्या बेकेलाइटची पण लोकांना फार हवी असते. पट्टी लावून चुंबकाची रुंदी मोजा, दीड इंच असेल तर दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, सव्वा इंच असेल तर नंतरची, आणि दीड इंचवाल्याला जास्त पैसे मिळतात. चुंबक मात्र काढू नका, ते कमजोर होतात. तारा पिकअपच्या आतून जात असतील तर बहुधा व्हॅल्को कंपनीची, म्हणजे तिच्या सुप्रो किंवा नॅशनल नावाची, हेडस्टॉकच्या मागे नंबरची छोटी पत्र्याची पट्टी असते का बघा. शिंपल्यासारखं चमकणारं पिवळं किंवा निळं प्लास्टिक चढवलेली फेंडर कंपनीची छोटीशी गिटार असेल तर ती 1949 नंतरची चॅम्पियन मॉडेल. आणि जर पिकअपच नाही, लाकडी आहे, आणि नेक आतून पोकळ, बॉडीपासून थेट हेडस्टॉककडे निमुळता होत गेलेला, तर वाइसनबॉर्नचा विचार करा, लॉस एंजेलिसची, कोआ लाकडाची, 1920 च्या आसपासची.

साल काढायला व्हॉल्यूमचा पॉट (आवाजाच्या बटणाखालचा आतला गोल भाग) बघायचा. त्यावरची प्लेट स्क्रू काढले की निघते, जमत नसेल तर कोणाकडून तरी काढवा, पण सोल्डरला हात लावू नका. पॉटच्या पाठीवर नंबर ठोकलेला असतो. पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे, 304 म्हणजे स्टॅकपोल, 137 म्हणजे सीटीएस, मग साल आणि आठवडा. समजा 304-547 असेल तर 5 म्हणजे 1945 किंवा 1955 आणि 47 वा आठवडा, दशक बाकी लक्षणांवरून ठरवायचं. ही तारीख पॉटची आहे, गिटार त्याच्या आधीची नसते पण नंतरची असू शकते, कारण कंपन्या पॉट ढिगाने घेऊन ठेवायच्या. आणि सोल्डर ताजं, चमकदार दिसलं तर पॉट बदललेला आहे, मग ती तारीख सोडून द्या. मल्टिमीटरने पिकअप पण तपासा, काही किलोओम दाखवलं तर कॉइल जिवंत, काहीच नाही दाखवलं तर तुटलेली, रिवाइंड होते पण किंमत खाली येते.

किंमतीसाठी रिव्हर्ब (वाद्यं विकायची साइट) आणि ईबेवर फक्त विकल्या गेलेल्या गिटारी बघा, मागितलेल्या किंमती नाही, मागायला कोणी काहीही मागतं. शिकाऊ मॉडेलं, म्हणजे सुप्रो वगैरे, काही शे डॉलरची, बेकेलाइट रिकनबॅकर आणि युद्धाआधीची गिब्सन ईएच-150 त्यांच्या बऱ्याच वर, फ्राइंग पॅन आणि चांगली वाइसनबॉर्न अजून वर. सहा तारांपेक्षा आठ तारांची वाजवणाऱ्यांना जास्त आवडते. पुन्हा रंगवलेली असेल तर साधारण अर्धी किंमत धरा. आणि आलेल्या आकड्यातून साइटचं कमिशन, पॅकिंग आणि कुरिअर वजा करा, इंदूरहून परदेशी पाठवणं स्वस्त नाही.

एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा, 1972 च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षं जुन्या वस्तू येतात आणि त्या खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. 1920 च्या आसपासच्या गिटारी आता त्या वयाला पोचल्यात, म्हणून अशी वाटली तर आधी भारतीय पुरातत्त्व विभागाकडे विचारा आणि मगच बाहेरच्या गिऱ्हाईकाशी बोला. देशातच विकायची असेल तर पुढून, मागून, हेडस्टॉक, पॉटचा नंबर, पिकअप जवळून आणि असतील त्या सगळ्या भेगा असे दिवसाच्या उजेडातले फोटो काढा, भेगा लपवू नका, आणि वाजत असेल तर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पण ठेवा, गिऱ्हाईक पहिलं तेच मागतं.