अल्पाका पाळायचाय? आधी तीन वेदर आणा

अल्पाका हे लोकरीसाठी पाळायचं जनावर. पहिल्या खेपेला त्याची गाभण मादी आणू नका. विकणारा सांगेल की वर्षभरात एकाचे दोन होतील. खरं आहे, पण मादी साडेअकरा महिने गाभण असते, पोटात बहुतेक एकच पिल्लू असतं आणि ते अडलं तर काय करायचं हे नवख्या माणसाला सुचत नाही. त्यापेक्षा तीन खच्ची केलेले नर आणा. इथे न्यूझीलंडमध्ये त्यांना वेदर म्हणतात. स्वस्त मिळतात, स्वभावाने शांत असतात आणि लोकरही छान देतात. तीन अशासाठी की अल्पाका कळपात राहणारा जीव आहे, एकटा पडला की झुरतो. दोनच ठेवले आणि एक गेला तर मागे राहिलेल्याचे फार हाल होतात.

आम्ही वायकाटोत राहतो, हॅमिल्टनपासून अर्ध्या तासावर. जमीन दोन एकर. मी मूळची माण तालुक्यातली, अण्णांच्या शेळ्यांमागे वाढलेले. तिथलं बरंचसं ज्ञान इथे कामी आलं, पण सगळं नाही. अल्पाका उंटाच्या कुळातला आहे, पेरूच्या डोंगरांतला. आणि त्याला दुखलं-खुपलं तरी तो शेळीसारखा ओरडून सांगत नाही.

जनावरं आणण्याआधी कुंपण बघा. काटेरी तार असेल तर काढून टाका, तिच्यात लोकर अडकते आणि कातडी फाटते. अल्पाका सहसा उडी मारून पळत नाही. जाळी हवी ती भटक्या कुत्र्यांना आत येऊ न देण्यासाठी, तेव्हा ती जमिनीलगत घट्ट बसवा. एकरी पाच जनावरं चालतात असं इथले लोक सांगतात, मी चारच धरते. सावलीला झाडं किंवा साधी शेड पुरते. एका कोपऱ्यात आठ-दहा पावलांचं वाडगं मात्र कराच. मोकळ्या रानात अल्पाका हाताला लागत नाही. रोज संध्याकाळी मूठभर खुराक वाडग्यातच द्या, आठवड्याभरात आपण होऊन आत येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्याच वर्षी, मार्चमध्ये, आमचा ढवळ्या नावाचा अल्पाका गेला. इतरांबरोबर चरत होता, अंग भरलेलं दिसत होतं. एके दिवशी सावलीतून उठेना म्हणून मी पाठीवर हात ठेवला, तर चार बोटं जाड लोकरीखाली कणा करवतीसारखा लागला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, यकृत निकामी झालेलं. दोन दिवसांत गेला.

या रोगाला इथे फेशियल एक्झिमा म्हणतात. उन्हाळा (इथे तो डिसेंबर ते फेब्रुवारी) सरता सरता हवा दमट आणि उबदार झाली की वाळक्या गवताच्या बुडाशी एक बुरशी धरते. तिच्या बीजाणूंतलं विष यकृतावर जातं, आणि अल्पाकाला ते मेंढीपेक्षाही कमी सोसतं. म्हणून जानेवारी ते मे डोळ्यांत तेल घालून राहायचं. तुमच्या भागातले बीजाणूंचे आकडे दर आठवड्याला विचारा. गवत बुडापर्यंत चरू देऊ नका, त्याआधीच दुसऱ्या पॅडॉकमध्ये, म्हणजे कुंपण घातलेल्या कुरणाच्या तुकड्यात, हलवा आणि सोबत कापून साठवलेलं सुकं गवत टाका. झिंक असलेला खुराक मिळतो, तो डॉक्टरांनी वजनावर ठरवून दिला असेल तेवढाच. झिंक जास्त झालं तर तेही विषच.

आणि दर रविवारी पाठीवर हात. शेवटच्या फासळीच्या मागे, अंगठा कण्याच्या एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजू कौलारू छपरासारख्या सरळ उतरत असतील तर जनावर ठीक. हाताला खोलगट लागलं तर खंगतंय, फुगीर लागलं तर खुराक कमी करा. मी वहीत तारीख घालून लिहिते. नुसत्या नजरेवर विसंबू नका, लोकर फसवते.

त्याच वेळी डोळ्याची खालची पापणी ओढून बघा. अण्णा पावसाळ्यात एकेका शेळीची बघायचे. लालसर हवी, पांढरी पडली म्हणजे रक्त पिणारे जंत झालेत. तोच जंत इथेही आहे. औषध अंदाजाने पाजू नका, आधी लेंड्या तपासून घ्या. अल्पाका ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतात, त्यामुळे नमुना घेणं सोपं जातं. तो ढीग आठवड्याला फावड्याने उचला म्हणजे जंतही आटोक्यात राहतात. माझ्या वांग्यांच्या आळ्यांत तेच खत असतं.

बाकीची कामं थोडक्यात. दोन-तीन महिन्यांनी नखं कापायची, वर्षाला फाइव्ह-इन-वनची, म्हणजे पाच रोगांवरची एकच, लस. कडक उन्हात धाप लागली तर पाणी पोटावर आणि पायांवर मारा, पाठीवर नको, कारण भिजलेली लोकर उष्णता आतच कोंडते. पुढेमागे पिल्लं झाली (इथे पिल्लाला ‘क्रिया’ म्हणतात) तर नर पिल्लाला मुलांनी सारखं कुशीत घेऊ नये. मोठा झाल्यावर तो माणसालाही अल्पाकाच समजून अंगावर येतो.

कातरणी आम्ही नोव्हेंबरात करतो. आदल्या रात्री जनावरं शेडमध्ये घ्या, ओली लोकर कातरता येत नाही. कातरणारा पुढचे-मागचे पाय दोरीने ताणून सतरंजीवर आडवं करतो आणि काही मिनिटांत मोकळं करतो. तुम्ही डोकं धरायचं आणि हळू आवाजात बोलत राहायचं. पाठीची लोकर वेगळ्या पोत्यात भरा, मानेची आणि पायांची वेगळी. एकेकाची दोन-तीन किलो निघते. मेंढीच्या लोकरीसारखी ती तेलकट नसते, त्यामुळे फारशी धुवावी लागत नाही, नुसती धूळ झटकायची.

पोती बाजूला ठेवली की लगेच, अंग उघडं आहे तोवर, प्रत्येकाच्या पाठीवर पुन्हा एकदा हात ठेवा आणि वहीत मागच्या रविवारी काय लिहिलं होतं ते ताडून बघा.