बांधावरच्या गरुडाशी जमवून कसं घ्यायचं

आपल्याकडे चोपडा-यावल पट्ट्यात कोंबडीचं पिल्लू गेलं की पहिली बोंब एकच, गरुडाने नेलं. म्हणून आधी ओळखायला शिका, कारण बऱ्याचदा ती घार नाहीतर शिक्रा असतो. घारीची शेपटी मधे खाचलेली दिसते, शिक्रा तर कबुतराएवढाच. सर्पगरुड उडताना खालून बघा, पंखावर रुंद पांढरा पट्टा असतो आणि लांब शिट्टी मारतो, बसला असेल तर चोचीपासून डोळ्यापर्यंत पिवळी कातडी दिसते. दुसरा सापमार गरुड, तो उघड्या वावरावर हवेत एकाच जागी पंख हलवत थांबतो, पोट पांढरट. दोघांचं मुख्य खाणं साप आणि सरडे. बघायला फार लवकर जाऊन उपयोग नाही, नऊ-दहा वाजता ऊन तापलं की हे घिरट्या घालायला वर चढतात. आणि बकरीचं पिल्लू उचलून नेलं असं कोणी सांगितलं तर शांतपणे समजवा, सर्पगरुड दीड-दोन किलोच्या आसपासचा, त्याच्याने ते उचलणारच नाही भाऊ.

कोंबड्यांचं सोपं आहे, पिल्लं मोठी होईपर्यंत डाल्याखाली ठेवा नाहीतर खुराड्यापुढच्या जागेवर मासे धरायचं जुनं जाळं ताणून बांधा, आणि कोंबडी कापल्यावरची घाण उघड्यावर टाकू नका, घारी त्यानेच येतात.

खरा प्रश्न झाडाचा आहे. आमच्या बांधावरची जुनी बाभूळ आम्हीच मार्चमध्ये पाडली, वर काटक्यांचं घरटं होतं हे झाड आडवं झाल्यावर कळलं, अंडं फुटून गेलेलं, ते अजून डोळ्यासमोरून जात नाही म्हणून हे लिहून राहिलो. सापमार गरुड एका हंगामात एकच अंडं घालतो, सर्पगरुडाचंही बहुतेक तसंच. अंड्यातून पिल्लू यायला दीड महिना, उडायला अजून दोन-सव्वादोन महिने, म्हणजे उन्हाळा जवळपास सगळा त्यात जातो. आणि आपण झाडं नेमकी तेव्हाच पाडतो, रब्बी निघाली, वावर मोकळं झालं, जेसीबी दारात उभा. तेव्हा कुऱ्हाड लावायच्या आधी दोन दिवस झाडाकडे लांबून बघा, मोठा पक्षी पुन्हा पुन्हा तिथेच येत असेल तर पाऊस लागेपर्यंत थांबा. 1972 च्या वन्यजीव कायद्याने घरटं मोडणं गुन्हा आहे, पण मला वाटतं कायद्यापेक्षा एक अंडं ही गोष्ट सांगितली की शेतकरी लवकर ऐकतो.

उंदरांसाठी ब्रोमाडिओलोन टाकत असाल तर उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त फिरतो आणि तोच गरुडाच्या, कापशी घारीच्या, घुबडाच्या पोटात जातो. पिंजरे लावा, औषध टाकलंच तर रोज सकाळी मेलेले उंदीर गोळा करून पुरा. बैलाला दुखण्याचं इंजेक्शन द्यायचं असेल तर डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम मागा. डायक्लोफिनॅक या दुखण्यावरच्याच औषधाने गिधाडं गेली, 2006 मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली, आणि मेलेलं ढोर खाणाऱ्या गरुडालाही ते बाधतं.

गावात सांगायचं तर बॅनर नको. पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारा पूर्वी गरुड कुठल्या झाडावर बसायचा, ते सांगायला लागले की पोरं आपोआप गोळा होतात, मग त्याच पोरांना रविवारी बांधावर न्या. फक्त घरट्याचा फोटो आणि जागा ग्रुपवर टाकू नका, दुसऱ्या दिवशी झाडाखाली जत्रा भरते.

मांजात अडकलेला किंवा तारेचा शॉक लागलेला गरुड सापडला तर अंगावर जाडसर टॉवेल टाका, चोचीपेक्षा नख्या सांभाळा, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा. पाणी पाजू नका, मटण भरवू नका, घरी पाळायचा तर विचारही नको. वनविभागाच्या 1926 वर फोन करा आणि कुठल्या शिवारात सापडला ते नीट सांगा, बरा झाला की त्याला तिथेच सोडायचा असतो.