कथा ऐकवायला येताय? या चुका टाळा

ठाण्यात, नौपाड्यात आम्ही आठ-दहा जण महिन्यातून दोन रविवार जमतो आणि एकमेकांना आपलं लिखाण वाचून दाखवतो. २००९ पासून मी जातोय. नवीन माणूस येतो, तीच चूक करतो आणि तिसऱ्या बैठकीला दिसत नाही. त्यातल्या काहींच्या हातात खरोखर ताकद होती. ते असे गळाले याचं वाईट वाटतं, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे वाचून झाल्यावर आपल्याच लिखाणाची वकिली करणं. मी ती केली आहे. माझी पहिली कथा चाळीतल्या एका बाईची होती. नवरा रात्री उशिरापर्यंत येत नाही, एवढीच गोष्ट. पण सुरुवातीला दीड पान पाऊस. वाचन संपल्यावर शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई म्हणाल्या, “तुमची कथा दुसऱ्या पानावर सुरू होते. ती ताटावर झाकण ठेवते ना, तिथून. आधीचं काढून टाका.” मी वीस मिनिटं पावसाचा अर्थ समजावत बसलो. कोणी वाद घातला नाही. चहा आला, विषय बदलला. या लोकांना कथा कळत नाही, असं ठरवून मी घरी आलो आणि आठ महिने तिकडे फिरकलो नाही. त्या आठ महिन्यांत नवीन एक ओळ लिहिली नाही. तीच कथा तीन दिवाळी अंकांना पाठवली, तिन्हीकडून साभार परत आली.

मग एका रात्री दार लावून ती मोठ्याने वाचली. तिसऱ्याच वाक्याला दम लागला. दीड पानावर आडवी रेघ मारली, तेव्हा वर हे उरलं: ‘तिने ताटावर झाकण ठेवलं. थोड्या वेळाने झाकण काढून पोळ्या परत डब्यात टाकल्या.’ पाऊस पुढे एका ओळीत आला आणि तेवढा पुरला.

आता आमच्याकडे नियमच आहे. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत लेखकाने गप्प बसायचं आणि लिहून घ्यायचं. दोघेजण एकाच वाक्यापाशी अडखळले की मी समासात फुली मारतो. घरी गेल्यावर काम त्या फुलीपासून सुरू होतं.

दुसरी चूक मला जास्त लागते. काही जण पहिल्या नंबरला वाचतात, दुसऱ्याचं सुरू झालं की मोबाइल काढतात आणि चहा झाला की ‘लोकल आहे’ म्हणून निघतात. दुसऱ्याची कथा ऐकताना कंटाळा नेमका कुठे आला, हे पकडायची सवय लागली की आपल्या कथेतली तीच जागा दिसायला लागते. लिहिणं मी यातूनच शिकलो. वाचनाचंही तसंच. पुस्तकं विकत घेणं परवडत नाही ही सबब निदान ठाण्यात सांगू नका. इथलं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून वाचकांसाठी उभं आहे.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचं ‘खूप छान’ म्हणजे प्रेम आहे, अभिप्राय नाही.

मूडची वाट बघू नका. मी दूध यायच्या आधी अर्धा तास बसतो, एक वाक्य झालं तरी चालतं.

‘शुद्धलेखन संपादक बघतील’ असं म्हणू नका. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, हे ज्याचं त्याने बघायचं.

१९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून नवीन लेखकाला हा दरवाजा उघडा आहे, पण गणपतीत लिहायला घेतलेली कथा त्यातून आत जात नाही. तोवर अंक भरत आलेले असतात. माझी कथा होळीपर्यंत तिसऱ्या खर्ड्यात असते.

हल्ली काही मुलं मोबाइलकडून कथा लिहून घेऊन येतात. वाक्यं गुळगुळीत असतात. परवा एकाला विचारलं, या आजीच्या स्वयंपाकघरात खिडकी कुठे आहे? त्याला सांगता आलं नाही. त्याच मुलाने चहाच्या वेळी स्वतःच्या आजीबद्दल सांगितलं. ती कळव्याहून येताना रुमालात बांधून चिंचा आणायची आणि गाठ दातांनी सोडायची. ती गाठ लिहून आण, म्हटलं. अजून आलेला नाही, पण मी त्याची वाट बघतोय.

येताना कथेच्या तीन झेरॉक्स आणा, डावीकडे रुंद समास सोडा, पेन्सिल आणा. माझा पाऊस काढायला सांगणाऱ्या त्या बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात. त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचा.