कॅम्पसवर दिवसभर व्याख्यानं आणि चर्चासत्रं: आखणी मधल्या वेळेपासून

एका दिवसात बारा-पंधरा व्याख्यानं, दोन-तीन चर्चासत्रं, खुल्या प्रयोगशाळा, आणि बरेचसे लोक कॅम्पसवर पहिल्यांदाच येणारे. अशा दिवसाची तयारी म्हटलं की संयोजन समितीच्या बैठका वक्त्यांच्या नावांवरच रंगतात. वक्ते चांगले हवेतच, पण दिवस विस्कटतो तो दोन सत्रांच्या मधल्या वेळात. त्यामुळे वक्त्यांना वेळ कळवण्याआधी कॅम्पसचा नकाशा पुढ्यात घ्या आणि माणसं कुठून कुठे, किती वेळात जाणार ते मोजा.

२०० जणांचं सभागृह घ्या. एका माणसाच्या रुंदीच्या दारातून सेकंदाला साधारण एक जण बाहेर पडतो. दाराची एकच झडप उघडी असेल, तर सभागृह रिकामं व्हायलाच साडेतीन मिनिटं जातात. पुढच्या सत्राचे लोक त्याच दारात खोळंबले असतील, तर त्याहून बरंच जास्त. गर्दीतून ४०० मीटर चालायला सहा मिनिटं धरा. वाटेत कोणी वक्त्याला गाठणार, कोणी स्वच्छतागृह शोधणार. म्हणून त्याच इमारतीत १० मिनिटं आणि दुसऱ्या इमारतीत जायचं असेल तर २० मिनिटं मोकळी ठेवा. लिफ्टवर भिस्त ठेवू नका: आठ जणांची लिफ्ट वर जाऊन परत यायला दोन मिनिटं घेत असेल, तर १० मिनिटांत जेमतेम ४० माणसं वर पोचतात. सर्वांत गर्दीची सत्रं तळमजल्यावरच हवीत.

समांतर सत्रं सगळीकडे एकाच वेळी सुरू करा आणि एकाच वेळी संपवा. एक सव्वादहाला, दुसरं साडेदहाला असा घोळ घातला की प्रत्येक सभागृहातून कोणी ना कोणी अर्ध्यावर उठत राहतं. ४५ मिनिटांच्या सत्रात भाषण ३० मिनिटांचं, प्रश्नोत्तरं १० मिनिटांची, उरलेली ५ मिनिटं परिचय आणि माईक लावण्यात जातात. वक्त्याला पत्रात फक्त ३० हा आकडा कळवा. ४५ लिहिलंत तर तो ४५ मिनिटांचंच भाषण घेऊन येतो, आणि त्यात त्याची चूक नाही. दुपारी निदान तासाभराची सुट्टी ठेवा, म्हणजे सकाळी साचलेला उशीर तिथे जिरतो. उद्घाटन १५ मिनिटांत आटपा. दिवसातला पहिला उशीर बहुधा तिथेच होतो.

चर्चासत्राला एक तास असेल तर व्यासपीठावर चारच जण बसवा. प्रत्येकी सात मिनिटं म्हणजे २८, सूत्रसंचालकाची पाच, उरतात २७. चर्चा म्हणतात ती एवढ्यातच व्हायची असते. सहा जण बसवले की ती सहा छोटी भाषणं होतात.

नोंदणी आणि आसनं

प्रवेश फुकट असला की नोंदणी केलेल्यांपैकी तिसरा हिस्सा, कधी कधी निम्मे लोक फिरकतही नाहीत. त्यामुळे आसनांपेक्षा थोडी जास्त नोंदणी घ्यायला हरकत नाही, मात्र दारात मोजणारा माणूस हवाच. आसनं भरली की दार बंद. पायऱ्यांवर आणि मधल्या वाटेत कोणालाही बसू देऊ नका. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच आहे. गर्दी ओसंडेल असं वाटत असेल तर शेजारच्या वर्गात पडद्यावर थेट प्रक्षेपण दाखवा.

लोक आपणहून मागच्या रांगांत आणि कडेच्या खुर्च्यांवर बसतात, मग उशिरा येणाऱ्याला दहा जणांचे गुडघे ओलांडत आत शिरावं लागतं. यावर उपाय स्वस्त आहे: मागच्या तीन रांगांना चिकटपट्टी लावून त्या बंद ठेवा. भाषण सुरू झालं की पट्टी काढा. पुढच्या रांगा भरलेल्या असतात आणि उशिरा आलेले दाराजवळच गुपचूप बसतात.

आवाज

सभागृहात सर्वांत जास्त बिघडतो तो आवाज, आणि सर्वांत कमी वेळ दिला जातो तोही आवाजालाच. शिट्टी वाजते कारण स्पीकरमधून निघालेला आवाज माईक पुन्हा पकडतो आणि तो फिरून फिरून वाढत जातो. स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून असावेत. वक्ता बोलता बोलता त्यांच्यापुढे आला की शिट्टी वाजणारच. जमिनीवर टेपने रेघ मारून ठेवा आणि तिच्यापुढे येऊ नका असं वक्त्याला आधीच सांगा. हातातला माईक तोंडापासून ५ ते १० सेंटीमीटरवर हवा. कपड्याला लावायचा माईक हनुवटीच्या वीतभर खाली, आणि गळ्यातलं ओळखपत्र काढायला लावा, नाहीतर ते माईकवर आपटून प्रत्येक वाक्यात ठकठक येते. बिनतारी माईकचे सेल दुपारच्या सुट्टीत न तपासता सरळ बदला.

लांब सभागृहात मागे वेगळे स्पीकर लावले असतील, तर तिथे एक बारीक गोम आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. २० मीटर मागे बसलेल्याला शेजारचा स्पीकर लगेच ऐकू येतो आणि व्यासपीठाजवळच्या स्पीकरचा आवाज ६० मिलिसेकंदांनी मागाहून येतो. शब्दावर शब्द चढतो, आणि लोक म्हणतात वक्ताच पुटपुटत होता. ध्वनियंत्रणेत मागच्या स्पीकरना तेवढाच विलंब लावून घ्या. ही सेटिंग आधीपासून असते असं गृहीत धरू नका. मागच्या रांगेत बसून स्वतः ऐका.

प्रश्न विचारणाऱ्यालाही माईक हवा, सभागृह लहान असलं तरी. माईक नसेल तर रेकॉर्डिंगमध्ये प्रश्न उमटतच नाही आणि श्रवणयंत्र लावलेल्यांना काही कळत नाही. माईक स्वयंसेवकाने स्वतःच्या हातात धरून ठेवावा. एकदा तो श्रोत्याच्या हातात गेला की प्रश्नाचं भाषण होतं आणि माईक परत मागणं अवघड जातं.

स्लाइड आणि पडदा

सगळ्या फायली आदल्या दिवशी मागवा, सोबत पीडीएफही. प्रत्येक खोलीत एकच संगणक वापरा. लॅपटॉप बदलण्यात दर वेळी तीन ते पाच मिनिटं जातात. प्रत्येक फाइल त्याच संगणकावर शेवटच्या स्लाइडपर्यंत उघडून बघा. मराठी स्लाइडची पंचाईत वेगळीच: फाँट संगणकावर नसेल तर अक्षरांची रुंदी बदलून ओळी चौकटीबाहेर जातात, आणि फाइल जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फाँटमधली असेल तर पडद्यावर निव्वळ गिचमीड दिसते. पीडीएफ लागते ती अशा वेळी. व्हिडिओ असेल तर दहा सेकंद वाजवून आवाज स्पीकरमधून येतोय ना हे तपासा. संगणकाची झोप, अपडेट आणि सूचना बंद ठेवा.

संगणक प्रोजेक्टरला जोडणारी साधी एचडीएमआय केबल १०-१५ मीटरच्या पुढे दगा देऊ लागते: पडदा मिचमिचतो किंवा मधूनच काळा होतो. लांबचं अंतर असेल तर ऑप्टिकल केबल घ्या. केबल वाटेत आली तर तिची टोकंच नाही, पूर्ण लांबी टेपने चिकटवा.

थेट प्रक्षेपण वायफायवर करू नका. १०८० पिक्सेलच्या प्रक्षेपणाला सुमारे ५ ते ६ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) अपलोड लागतं. त्याच्या दुप्पट हाताशी असलेली तारेची जोडणी घ्या. सभागृह भरलं की २०० फोन त्याच वायफायवर चढतात. शिवाय बाहेरच्या लोकांकडे विद्यापीठाचं खातं नसतं. पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क मागा, आणि कार्यक्रमपत्रिका कागदावरही छापा.

फलक, दारं, किल्ल्या

फलक वाट फुटते तिथे लावा, आणि वळणानंतर आणखी एक, म्हणजे आपण बरोबर आहोत अशी खात्री पटते. दहा मीटरवरून सहज वाचता यायला अक्षर साधारण ८ सेंटीमीटर उंच हवं. फलक दोन मीटर उंचीवर बांधा. टेबलाला टेकवलेला फलक गर्दी झाली की दिसेनासा होतो. मग कॅम्पस कधीही न पाहिलेल्या माणसाला फाटकापासून एखाद्या सभागृहापर्यंत एकट्याला पाठवा. तो जिथे थबकेल, तिथे फलक कमी आहे.

असे दिवस बहुधा सुट्टीला येतात आणि सुट्टीला इमारत वेगळी वागते. कार्डाची दारं आपोआप बंद होतात, वातानुकूलन ठरल्या वेळी थांबतं, रॅम्पकडच्या दाराला कुलूप असतं. कोणतं दार, कोणाकडे किल्ली, किती वाजेपर्यंत, अशी यादी आठवडाभर आधी सुरक्षा विभागाकडून लेखी घ्या. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा जास्त नको, म्हणजे १५ सेंटीमीटरच्या पायरीला १.८ मीटर लांबीचा रॅम्प. चाकाची खुर्ची प्रत्यक्ष ढकलत सगळा रस्ता एकदा फिरा.

माणसं

प्रत्येक खोलीला तीन स्वयंसेवक: एक दारात, एक माईकला, एक संगणक आणि घड्याळ सांभाळायला. घड्याळवाल्याने पहिल्या रांगेत मधोमध बसून १०, ५ आणि १ असे कागद दाखवावेत. कडेला बसलेल्याकडे वक्त्याचं लक्षच जात नाही. अध्यक्षांनी एक प्रश्न तयार ठेवावा, कारण पहिला हात वर यायला वेळ लागतो. नियंत्रण कक्षात एक माणूस असा बसवा की ज्याच्याकडे फोन उचलण्याखेरीज दुसरं कुठलंही काम नाही. समितीला ही उधळपट्टी वाटते. पण एखाद्या सभागृहातली वीज गेली, तर सगळे पहिल्यांदा यालाच शोधतात.

दर तासाला प्रत्येक सभागृहातली डोकी मोजून लिहून ठेवा. पुढच्या वेळी कोणता विषय कोणत्या खोलीत लावायचा ते यावरूनच ठरतं. आणि बाणांचे फलक त्याच संध्याकाळी उतरवा, नाहीतर सोमवारी परीक्षेला आलेली मुलं त्यांच्यामागे जाऊन भलत्याच इमारतीत पोचतात.