उशिरा बासरी हाती घेणाऱ्यांनी या चुका टाळाव्यात

पन्नाशी-साठीनंतर बासरी शिकायला येणाऱ्यांकडे चिकाटी भरपूर असते, आणि त्यांची सर्वांत मोठी चूक या चिकाटीतूनच होते: सूर लागला नाही की ते फुंक वाढवतात.

माझ्याकडे शिकणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांचा मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकातील धैवत (ध) दोन महिने फाटत होता. ते इतक्या जोराने फुंकत की त्यांना चक्कर येई. जोरजोरात श्वास सोडत राहिल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि डोके हलके पडते. बांबूतच दोष असावा असे मानून त्यांनी दोनदा बासरीही बदलली. मी त्यांना फुंकेच्या बाजूची वरची तीन छिद्रे झाकून षड्ज (सा) वाजवायला सांगितले, तो स्वच्छ आला. चौथे छिद्र झाकल्यावर निषाद (नी) जेमतेम टिकला आणि पाचवे झाकताच धैवत फाटला. दोष मात्र पाचव्या छिद्रावरच्या बोटात नव्हता. खालचा हात टेकताना बासरी किंचित फिरत होती, त्यामुळे वरच्या हाताची अनामिका तिसऱ्या छिद्रावरून सरकत होती आणि हवा तिथून गळत होती. वर गळती असली की खालचा प्रत्येक स्वर बिघडतो. फुंक वाढवली तर तो फक्त अधिक वाईट फाटतो.

तेव्हापासून मी प्रत्येकाला षड्जापासून एकेक बोट टेकवत खालच्या पंचमापर्यंत (प) उतरायला लावतो आणि स्वर जिथे फाटेल तिथे थांबून बोटांवरचे वळ पाहतो. वळ पूर्ण गोल असेल तर छिद्र झाकले गेले आहे, अर्धचंद्र दिसला तर बोट सरकले आहे. या तपासणीला दोन मिनिटे पुरतात, पण थांबून पाहण्यापेक्षा पुन्हा जोरात फुंकणेच घाईच्या माणसाला सोपे वाटते.

दुसरी चूक बासरी निवडतानाच होते. बासरीवादक पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी लांब, खर्जाची बासरी रागसंगीताच्या मैफलीत रुजवली, आणि तो गंभीर नाद मनात घेऊन येणारा विद्यार्थी पहिल्याच दिवशी तशीच बासरी मागतो. त्या नादाची ओढ मला समजते, पण लांब बासरीवर छिद्रे दूर असतात आणि सवय नसलेली, काहीशी आखडलेली बोटे ताणली की मनगट दुखू लागते. बोटे सहज पोहोचतील अशाच बासरीवर सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे.

पहिल्याच महिन्यात गाणे वाजवण्याचा हट्ट धरू नये. अलंकार, म्हणजे सरावाच्या ठरावीक स्वररचना, कच्चे असताना बसवलेल्या गाण्यातली चुकीची बोटे पुढे सोडवायला फार वेळ जातो. आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटे बसावे. तानपुऱ्याशिवाय रियाज करू नये, कारण बासरीचा स्वर फुंकेच्या जोराप्रमाणे चढतो-उतरतो आणि एकट्याने वाजवताना ते कानाला कळत नाही.

शुद्ध मध्यमासाठी (म) पहिले छिद्र अर्धेच उघडायचे असते. तिथे बोट उचलू नये, ते हळूच कडेला कलते करावे. हा स्वर बसायला बहुतेकांना काही महिने लागतात, तेवढे ते द्यावेत.