नैरोबीला सामाजिक उद्योग शिकायला जाताय? या चुका टाळा

सुट्टीत सहा-आठ आठवडे परदेशातल्या एखाद्या सामाजिक उद्योगात, म्हणजे समाजाचा एखादा प्रश्न धंद्याच्या वाटेनं सोडवू पाहणाऱ्या संस्थेत, इंटर्नशिप करायची, असं ठरवलेली मुलंमुली मला दरवर्षी भेटतात. मी स्वतः नैरोबीत आठ आठवडे होते. त्यातले पहिले तीन जवळजवळ वाया गेले. कारणं सगळी टाळता येण्यासारखी होती, म्हणून हे लिहिते आहे.

मदत करायला जाणं

ही सगळ्यात मोठी चूक. भाषा येत नाही, वस्ती माहीत नाही, आणि आठ आठवड्यांत आपण लोकांचा प्रश्न सोडवणार? मी पहिल्याच आठवड्यात बायकांच्या बचत गटांसाठी हिशेबाचं अ‍ॅप करायचा प्रस्ताव दिला. मी जिथे इंटर्न होते त्या संस्थेतल्या ताईंनी तो बाजूला ठेवला आणि मला एका गटाच्या बैठकीला नेऊन बसवलं. अशा गटाला तिथे 'चामा' म्हणतात. दर आठवड्याला सगळ्याजणी ठरलेली रक्कम टाकतात आणि जमलेला पैसा आळीपाळीनं एकीला मिळतो. त्याचं तिथलं नाव 'मेरी-गो-राउंड'. मला पाच मिनिटांत कळलं, ही तर आपली भिशी!

पण खरी गोष्ट नंतर लक्षात आली. खजिनदार बाई पैसे सगळ्यांसमोर मोठ्यानं मोजत होत्या, दुसरी वहीत लिहीत होती, तिसरी ते परत वाचून दाखवत होती. ते मोठ्यानं मोजणं हाच त्यांचा हिशेब तपासण्याचा मार्ग होता. माझ्या अ‍ॅपनं नेमकं तेच काढून घेतलं असतं. शिवाय निम्म्या जणींकडे साधे बटणांचे फोन होते.

म्हणून जाताना उपाय नेऊ नका, एक छोटा प्रश्न न्या. माझ्या मते सगळ्यात उपयोगी प्रश्न एकच: इथे पैसे कोण देतं? नैरोबीतली सॅनर्जी घ्या. अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला हा उद्योग. मुकुरूसारख्या वस्त्यांमध्ये, जिथे गटारं पोहोचलेली नाहीत, तिथे शौचालयं बसवायची, मैला रोजच्या रोज उचलायचा, त्यातून खत आणि जनावरांचं खाद्य बनवून विकायचं. ऐकायला चक्र पूर्ण वाटतं. पण वापरणारा किती देतो, खतातून किती येतं आणि देणगीदार किती भरतात, हे वेगवेगळं विचारलं की अभ्यास सुरू होतो. तुमच्या संस्थेतही हे विचारा: उद्या देणग्या थांबल्या तर आधी काय बंद पडेल?

एम-कोपा या कंपनीचंही तसंच. सौर दिव्याचा संच थोडी रक्कम भरून घरी न्यायचा, उरलेले पैसे मोबाइलवरून रोज थोडे थोडे फेडायचे. हप्ता थांबला की संच दुरूनच बंद होतो. रॉकेलचा धूर गेला हे खरं, आणि हप्ता चुकला म्हणून घर अंधारात बसलं हेही खरं. या दोन्ही गोष्टी एकाच अहवालात लिहायची हिंमत ठेवा.

घड्याळावर भरवसा ठेवणं

मला एका दुकानदार बाईंनी 'साआ न्ने'ला बोलावलं. न्ने म्हणजे चार, एवढं मी शिकले होते. दुपारी चारला पोहोचले, तर त्या सकाळी दहापासून वाट बघून निघून गेल्या होत्या. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात: सकाळचे सात म्हणजे पहिला तास, दहा म्हणजे चौथा. घड्याळ आणि बोलणं यांत सहा तासांचं अंतर. त्या बाईंचा अर्ध्या दिवसाचा धंदा माझ्यामुळे बुडाला, याचं मला आजही वाईट वाटतं. वेळ ठरवताना 'सकाळी की दुपारी' हे विचाराच.

पर्यटक म्हणून घुसणं

जानेवारी 2024 पासून केनियानं व्हिसाऐवजी ई-टीए नावाची ऑनलाइन परवानगी सुरू केली. ती चटकन मिळते, म्हणून मुलं पर्यटनाच्या परवानगीवर जातात आणि थेट कामाला लागतात. तसं करू नका. बिनपगारी इंटर्नशिप असली तरी योग्य पास लागतो, आणि त्यासाठी संस्थेलाच अर्ज करावा लागतो. 'ते आल्यावर बघू' असं उत्तर आलं तर मी दुसरी संस्था शोधीन. कॉलेजच्या प्रकल्पासाठी मुलाखती किंवा सर्वेक्षण करणार असाल, तर नाकोस्टी या सरकारी आयोगाचा संशोधन परवानाही लागतो. तिथे 2019 पासून माहिती संरक्षणाचा कायदा आहे. त्यामुळे लोकांचे, विशेषतः मुलांचे फोटो न विचारता काढून इन्स्टाग्रामवर टाकणं, हे वाईट तर आहेच, बेकायदाही ठरू शकतं.

पीतज्वराची लस जायच्या किमान दहा दिवस आधी घ्या. तिचं प्रमाणपत्र नसेल तर परत येताना भारतातल्या विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. ही लस ठरावीक केंद्रांवरच मिळते, नंबर लावावा लागतो, म्हणून महिनाभर आधी चौकशी करा.

आपल्याकडचंच गृहीत धरणं

यूपीआयची सवय तिथे महागात पडते. 2007 साली सुरू झालेल्या एम-पेसा या मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेवर अख्खा देश चालतो, पण पैसे पाठवायला आणि काढायला बहुतेक वेळा शुल्क लागतं. पासपोर्ट दाखवून सिम घ्या आणि खर्चाच्या वहीत शुल्काचा वेगळा रकाना ठेवा. नैरोबी सुमारे 1,800 मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वरपेक्षा उंच. जून-जुलैत स्वेटर लागतोच. चिवडा-चकल्या कापडी पिशवीत बांधा, कारण 2017 पासून तिथे प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांवर कडक बंदी आहे.

आणखी एक गोष्ट, जी कुणी आधी सांगत नाही. भारतीय चेहरा दिसला की तिथे पुष्कळांना दुकानमालक आठवतो. रेल्वे बांधायला गेलेल्या मजुरांपासून आजच्या व्यापाऱ्यांपर्यंत तो मोठा इतिहास आहे, त्यातले ताणही आहेत. फक्त पार्कलँड्ससारख्या भारतीयांच्या भागात राहून, भारतीय खानावळीत जेवून आलात तर ते ताण कळणार नाहीत. सहकाऱ्यांबरोबर उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि सुकुमा विकी (पालेभाजी) खा, चहाला त्यांच्यात बसा.

म्हसवड न बघता निघणं

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला 1997 साली माणदेशी महिला बँक सुरू झाली. प्रवर्तक बायका निरक्षर म्हणून परवान्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला होता. त्या लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा रिझर्व्ह बँकेसमोर गेल्या. ती गोष्ट ठाऊक असती, तर चामाच्या बैठकीत मी बरे प्रश्न विचारले असते. जाण्याआधी गावातल्या एका तरी बचत गटाची वही बघून घ्या.

अहवाल परत न दाखवणं

अहवालाचा दोन पानांचा सारांश स्वाहिली येणाऱ्याकडून त्या भाषेत नीट करून घ्या आणि निघायच्या आठवडाभर आधी, ज्यांच्याबद्दल लिहिलं त्याच लोकांना वाचून दाखवा. शेवटच्या दिवशी नको, पाहुणीला तोंडावर चूक सांगायला लोकांना वेळ लागतो. बैठकीला उशिरा येणाऱ्या बाईचा दंड मी चुकीचा लिहिला होता. खजिनदार बाईंनी वही काढली, आकडा खोडला आणि खरा आकडा स्वतःच्या हातानं माझ्या कागदावर लिहिला.