रविवारचं वचन सोमवारी बागेत कसं न्यावं

आमच्या वेंगुर्ल्याकडे ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासकाळ आणि हापूसचा हंगाम हातात हात घालूनच येतात. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागते तेव्हा कलमांवर कैरी धरलेली असते, आणि ईस्टरपर्यंत पेट्या वाशीच्या वाटेला लागतात. त्यामुळे या दिवसांत वाडीतल्या ख्रिस्ती समूहाची बैठक घेणाऱ्यांना मी एकच सांगते: "देव प्रीती आहे" इथून सुरुवात करू नका. ते खरंच आहे, पण त्यावर सगळे माना डोलावतात आणि चहा पिऊन घरी जातात. सुरुवात बागेतून करा.

पद्धत माझी नाही. बेल्जियमचे फादर जोसेफ कार्डाइन यांनी ती तरुण कामगारांमध्ये रुजवली आणि पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ च्या परिपत्रकात तिची शिफारस केली: पाहा, पारखा, करा. ऐकायला सोपी आहे. पण आपली माणसं पाहायचं सोडून थेट पारखायलाच बसतात.

पाहायला एकच गोष्ट घ्या. समजा, बागेतला राखणदार. आमच्याकडे बरेच राखणदार नेपाळहून येतात. बैठकीआधी दोघांनी जाऊन त्याच्याशी बोलावं. मालक सोबत नको. उचल किती घेतली, पैसे कधी हातात पडतात, हिशेब कोणाच्या वहीत आहे, सुट्टी मिळते का, पाणी कुठून आणतो, पोरं शाळेत जातात का, एवढंच विचारा. त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून आणा. तुमचं मत घरी ठेवा.

मग वचन. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं २४:१४-१५ सांगतं की गरीब मजुराची मजुरी, तो भाऊबंद असो की परका, सूर्य मावळायच्या आत द्या. कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. इथे कोणीतरी हमखास म्हणतो, "पण राखणदारच सांगतो, हंगाम संपल्यावर एकदम द्या, गावी नेताना बरं पडतं." मग आज्ञा मोडली का? अशा वेळी 'कारण' या शब्दापासून पुढचं परत वाचायला लावा. आज्ञेमागचा हेतू तिथे आहे. स्वतःच्या घामाचे पैसे मागायला माणसाने दाराशी ताटकळू नये, हे त्या वचनाला हवं आहे. एकदम हवे तर एकदम द्या, पण ते त्याने ठरवावं. मध्येच घरी कोणी आजारी पडलं तर सबब न सांगता पैसे मिळावेत, आणि हिशेबाची एक वही त्याच्याकडेही असावी. श्लोक जसाच्या तसा लादायचा नाही आणि "तो काळ वेगळा होता" म्हणून सोडायचाही नाही. माझ्या मते वचन जगण्यात आणायचं कसब ते एवढंच, पण ते बसायला वर्षं जातात.

हीच रीत शब्बाथाला, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाला लावा. अनुवाद ५:१४ मध्ये दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा असं स्पष्ट म्हटलंय. रविवारी मालक चर्चमध्ये मिस्साला आणि राखणदार वानरांच्या मागे! त्याची सुट्टी कुठल्या वारी? रविवारच हवा असं नाही. तो बहुधा हिंदू असतो, त्याला विचारा. लेवीय १९:१० मात्र मी नुसतं वाचते: मळ्यात गळून पडलेली फळं वेचू नका, ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. पडीच्या आंब्यावरून वाडीत किती भांडणं होतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. बागायतदार आपसूक खाली बघतात.

जिथे कायदाच बोलतो तिथे श्लोक शोधत बसू नका. कार्बाइडने आंबा पिकवायला अन्नसुरक्षेच्या नियमांत बंदी आहे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा कर्नाटकातला आंबा आपल्या नावाने खपवणं ही सरळ फसवणूक आहे. चर्चा संपली. पेटीच्या वरच्या थराला मोठं फळ आणि तळाला बारीक, हे मात्र कायद्याच्या नजरेतून सुटतं. त्यासाठी खोट्या तराजूचं वचन आहे, नीतिसूत्रे ११:१.

बैठकीत मालक आणि काढणीला जाणारी बाई एकाच बाकावर असतात, हे विसरू नका. एकदा एकीने मला ऐकवलं, "बाई, वचन बरां आसा, पन माज्या मजुरीचां काय?" असा प्रश्न आला की विषय बदलू नका, आणि त्या मालकाचं नावही तिथे काढू नका. मत्तय १८:१५ प्रमाणे आधी एकांतात त्याच्याशी बोला. ते काम त्या बाईवर टाकू नका, तिची रोजी त्याच्या हातात आहे.

शुक्रवारच्या उपवासाबद्दल थोडक्यात: मांस वर्ज्य म्हणून आपण सुरमई आणतो, जी कोंबडीपेक्षा महाग पडते. नियम पाळला जातो, भुकेल्याला आपली भाकर वाटून द्या, हा यशया ५८ मधला उपवास राहून जातो. साधी पेज घ्या आणि वाचलेले पैसे कोणाला द्यायचे ते आधीच ठरवा.

आजाऱ्याकडे जाताना तर धर्मशास्त्र तोंडात आणूच नका. बायबलमधल्या दुःखाने पिचलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस, सात रात्री गप्प बसले तोवर ठीक होतं. बोलायला लागले आणि शेवटी देवाचा राग ओढवून घेतला. डबा न्या, औषधं आणायची आहेत का विचारा. प्रार्थना त्याने मागितली तर करा, आणि आटोपती.

राहिलं 'करा'. कोण, काय, कधीपर्यंत, हे तिन्ही वहीत लिहा. "आपण सर्वांनी न्यायाने वागावं" हे वहीत चालत नाही. "अमक्याने येत्या शनिवारपर्यंत राखणदाराला हिशेबाची वही द्यावी" हे चालतं. जुनी बाकी असेल तर येशूला भेटलेला जकातदार जक्कय आठवा: तो नुसता पस्तावून थांबला नाही, कोणाला फसवलं असेल तर चौपट परत करण्याचा शब्द दिला. चौपटीचा आग्रह मी धरत नाही, मूळ रक्कम तरी सुटावी. पुढच्या बैठकीत प्रार्थना झाली की आधी ही वही वाचायची. काम झालं नसेल तर "झालं नाही" असंच लिहायचं आणि नवा विषय न घेता तोच पुन्हा घ्यायचा, फादर घाई करत असले तरी.